बी-१२ची कोणती गोळी, किती मात्रेची घ्यावी?

तुम्ही शाकाहारी आहात, तळपायांना मुंग्या येतात आणि दुकानात १५ मायक्रोग्रॅम बी-१२ असलेली बी-कॉम्प्लेक्स घ्यावी की १५०० मायक्रोग्रॅमची मिथाइलकोबालामिन (बी-१२चाच एक प्रकार), असा तुमचा प्रश्न आहे. आधी रक्तातील बी-१२ तपासा, कारण गोळी सुरू केल्यावर आकडा वर चढतो आणि मूळ कमतरता किती होती, हे कळेनासे होते.

लालबागच्या चाळीत राहणाऱ्या माझ्या सासूबाई जन्माच्या शाकाहारी असून मधुमेहासाठी ११ वर्षे मेटफॉर्मिन घेत होत्या. एकदा करी रोडच्या पुलाचा जिना चढताना त्यांची चप्पल पायातून निसटली, तरी त्यांना ते समजले नाही; मागून येणाऱ्या एका मुलीने ती आणून दिली. माझ्या मोठ्या दिरांचे औषधांचे दुकान असल्यामुळे घरात त्यांचाच शब्द शेवटचा असतो. ‘‘साखरेने नसा बिघडतातच, शिवाय आई रोज बी-कॉम्प्लेक्स घेते,’’ असे म्हणून भाऊजींनी विषय संपवला. हिमोग्लोबिन उत्तम होते, त्यामुळे डॉक्टरांनाही शंका आली नाही. मी हट्टाने तपासणी करून घेतली, तेव्हा बी-१२ १४२ (पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर) निघाले. २००च्या खाली कमतरता मानतात.

बी-कॉम्प्लेक्सच्या त्या पिवळ्या गोळीतील फोलिक ॲसिड या दुसऱ्या बी जीवनसत्त्वाने रक्त सावरले होते, नसा मात्र बिघडतच राहिल्या होत्या. (फोलिक ॲसिडचा माग इंग्रज डॉक्टर लूसी विल्स यांना मुंबईतल्याच गिरणी कामगार गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा, म्हणजे रक्तक्षयाचा, अभ्यास करताना लागला; १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. गिरणगावातील आमच्या घराला मात्र त्याचा उपयोग झाला नाही.) आतडे एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम बी-१२ नीट शोषते, मेटफॉर्मिनने तेही घटते आणि उरलेल्या मात्रेतील साधारण १ टक्काच आपसूक आत झिरपते. म्हणून १५ मायक्रोग्रॅमची गोळी निरोगी माणसाची रोजची २.२ची गरज कशीबशी भागवते, रिकामा साठा भरत नाही. १५००ची मात्रा अघोरी वाटली तरी अंगी लागते ती पंधराएक मायक्रोग्रॅमच.

तेव्हा कमतरता निघाली तर मोठ्या मात्रेची निव्वळ बी-१२ची गोळी घ्या. मिथाइल की सायनो (सायनोकोबालामिन, बी-१२चा दुसरा प्रकार), या वादात पैसे घालवू नका. ‘नसांची गोळी’ म्हणून प्रीगॅबालिन हे नसांच्या वेदनेवरचे औषध मिसळलेले पाकीट कोणी हाती ठेवले, तर परत करा. त्याने गुंगी आणि चक्कर येते. बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास त्यानेच पाय बधिर होतात, हेही दुकानदार सांगत नाहीत.

आकडा फारच खाली असेल, चालताना तोल जात असेल किंवा तुम्ही गरोदर असाल, तर माझे ऐकून गोळी घेऊ नका. सासूबाईंनाही आधी डॉक्टरांकडून इंजेक्शनेच घ्यावी लागली. त्यांच्या मुंग्या थांबल्या, उजव्या अंगठ्याचा बधिरपणा राहिला. आईला बी-कॉम्प्लेक्सनेच गुण आला, असे भाऊजी आजही पाहुण्यांना सांगतात. १४२चा तो रिपोर्ट मी कपाटात जपून ठेवला आहे.