पुस्तक द्या, निरीक्षिका देऊ नका

प्रश्न : वय 28. नोकरी सांभाळून दोन रहस्यकादंबऱ्या लिहिल्या, दोन्ही बऱ्यापैकी खपल्या. त्याच पोलीस निरीक्षिकेवर प्रकाशकाला आणखी तीन हव्यात. मोबदला माझ्या 18 महिन्यांच्या पगाराइतका, नऊ हप्त्यांत : प्रत्येक पुस्तकाला काम सुरू करताना, हस्तलिखित स्वीकारल्यावर आणि प्रकाशनावेळी. बदल्यात पात्रासह सर्व हक्क कायमचे त्यांचे. राजीनामा देऊ का?

उत्तर : अभिनंदन! पण या अटींवर राजीनामा नको आणि सहीही नको.

18 पगार ऐकायला भरघोस वाटतात. वर्षाला एक पुस्तक धरलं, तर हातात सहाच पगार येतात, तेही कर भरण्याआधीचे. त्यात संपादकाने शेवटची पन्नास पानं परत लिहायला सांगितली (रहस्यकथेत शेवटावरच गाडी अडते) की दुसरा हप्ता लांबला. घरभाडं काही लांबत नाही.

खरा घाटा मात्र हक्कांचा आहे. कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी सर्व हक्कांसह 25 पौंडांना विकली. 1887 मध्ये ती छापून आली. पुढे होम्स जगभर गाजला, पण त्या पुस्तकाचा आणखी एक पैसाही त्याला मिळाला नाही. निदान होम्स त्याच्याकडे राहिला आणि पुढच्या कथांवर त्याने उत्तम कमावलं. तुमच्याकडून तर निरीक्षिकाच मागताहेत! उद्या तिच्यावर वेब सिरीज निघाली तर पैसे प्रकाशकाचे, आणि सहावी कादंबरी दुसरीकडे द्यायची तर तुम्हालाच परवानगी मागावी लागेल.

तेव्हा रक्कम थोडी कमी घ्या, पण रॉयल्टीवर, म्हणजे विक्रीतल्या वाट्यावर या. हप्ते मग त्या रॉयल्टीची आगाऊ रक्कम ठरतील. छापील आणि ई-पुस्तकाचे हक्क द्या. पात्र, पडदा, अनुवाद आणि ऑडिओ स्वतःकडे ठेवा. पुस्तक ठरावीक काळ बाजारात नसेल तर हक्क परत मिळतील, हे लिहून घ्या. आणखी एक कलम नीट वाचा : तिन्ही पुस्तकांचा हिशोब एकत्र आहे का? असेल, तर पहिलं जोरात चालूनही उरलेल्या दोन्हींची आगाऊ रक्कम वसूल होईपर्यंत रॉयल्टी अडकेल. हिशोब वेगवेगळाच मागा. सहीआधी हे सगळं कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा.

नोकरीबद्दल घाई कशाला? ब्रिटिश रहस्यकथाकार पी. डी. जेम्स यांची पहिली कादंबरी 1962 मध्ये आली. सरकारी नोकरी त्यांनी 1979 पर्यंत केली. तुम्हाला इतकं थांबायची गरज नाही. वर्षभराचा खर्च बाजूला पडला आणि सलग दोन वर्षं जुन्या पुस्तकांच्या रॉयल्टीतून निम्मा खर्च निघाला, की खुशाल सोडा. तोवर आठवड्यातला एक दिवस बिनपगारी मिळतो का ते विचारा. पाच दिवसांचा आठवडा असेल तर वर्षाला अडीचेक पगार बुडतील. हप्ते सहाऐवजी चार पगारांचे झाले तरी तेवढं भरून निघतं. उरेल त्यातून आधी कराचे पैसे वेगळे काढा, मग स्वतःच्या नावाचा आरोग्य विमा घ्या. कंपनीचा विमा नोकरीबरोबरच संपतो.