"मायनर आहे ताई, फार तर तीन वर्षं"

या वेळचं पत्र पुण्याजवळच्या एका मुलीचं आहे, वय २४, नाव-गाव काढून थोडक्यात सांगते. गेल्या वर्षी गणपतीत तिच्या २७ वर्षांच्या दादाला गल्लीच्या तोंडावर कोयत्याने मारलं, कारण काय तर दोन दिवस आधी गाडी लावण्यावरून झालेली बाचाबाची. मारणारा १६ वर्षं १० महिन्यांचा. पाच महिन्यांनी तो जामिनावर सुटला, मित्रांनी त्याला खांद्यावर घेऊन रील टाकलं. चौकीत तिला सांगितलं, "मायनर आहे ताई, फार तर तीन वर्षं." आई अजून रोज रात्री दादाचा मोबाईल चार्जिंगला लावते. ती विचारते, "मावशी, माझ्या दादाच्या जिवाची किंमत तीन वर्षं? मी हे मान्य कसं करू?" आणि अगदी शेवटी, घाईत लिहिल्यासारखी एक ओळ आहे, की धाकटा भाऊ १६ चा आहे, कुणाशी बोलत नाही आणि दादाचा फोटो लावून त्याने 'हिशोब बाकी' असं स्टेटस ठेवलंय.

बाळा,

मान्य करू नकोस. कुणी सांगितलं तुला मान्य करायला? २७ वर्षांचा कमावता भाऊ गेला आणि मारणारा रीलमध्ये नाचतोय, हे बघून जिला राग येणार नाही तिचीच मला काळजी वाटेल.

पण आधी चौकीतल्या त्या वाक्याचं बघू, कारण ते अर्धंच खरं आहे आणि तुम्ही सगळे त्या अर्ध्या वाक्यावर सहा-सात महिने रडत बसलाय. २०१२ च्या दिल्लीच्या निर्भया प्रकरणात एक आरोपी १८ च्या आतला होता, त्याला तीन वर्षं मिळाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये तो सुटला, तेव्हा देशभर लोक चिडले आणि त्याच आठवड्यात राज्यसभेने नवा बाल न्याय कायदा मंजूर केला. तो जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यात असं आहे की मुलगा १६ ते १८ मधला असेल आणि गुन्हा अतिगंभीर असेल, म्हणजे ज्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे असा, तर बाल न्याय मंडळाने आधी त्याची प्राथमिक तपासणी करायची. त्याला हे करायची मानसिक-शारीरिक कुवत होती का, परिणाम कळत होते का, कुठल्या परिस्थितीत केलं, हे बघायचं आणि वाटलं तर केस बाल न्यायालयाकडे पाठवायची. तिथे सज्ञान म्हणून खटला चालू शकतो. तसा चालून शिक्षा झाली तर २१ वर्षांपर्यंत त्याला वेगळ्या सुरक्षित जागी ठेवतात, मग तो किती बदलला ते तपासून एकतर सोडतात नाहीतर उरलेली शिक्षा भोगायला जेलमध्ये पाठवतात. फाशी नाही, कधीच सुटणार नाही अशी जन्मठेपही नाही, पण तीन वर्षं हा शेवटचा शब्द पण नाही.

तू पूर्ण पत्रात ही तपासणी झाली की नाही ते लिहिलेलंच नाहीस, म्हणजे तुला कुणी सांगितलेलंच नाही. आणि माझा खरा राग इथे आहे.

मी काही वर्षं एका जिल्ह्यात मंडळावर सदस्य होते. एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक असं मंडळ असतं. कोर्टासारखं काही नसतं तिथे, ना उंच खुर्ची ना पिंजरा, साधं टेबल, पोलीस पण साध्या कपड्यात, कारण पोराने घाबरू नये. ते बरोबरच आहे. पण टेबलाच्या त्या बाजूला पोरगा, त्याची आई डबा घेऊन, त्याचा वकील, प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्ट, आणि जो मेला त्याच्या घरचं कुणी नाही. कधीच नाही. अशाच एका कोयत्याच्या केसमधला पोरगा पहिल्या तारखेला मला म्हणाला, मॅडम माझा मोबाईल कधी मिळणार. मला त्या रात्री झोप लागली नाही. वर्षभराने तोच पोरगा हळूच विचारतो, मॅडम तो जो गेला त्याचं वय काय होतं, मी सांगितलं २२, तर कितीतरी वेळ तो टेबलाचा पत्रा नखाने खरवडत बसला होता. सुधारला का? मी शपथेवर नाही सांगू शकत. त्याच्याच बरोबरचा दुसरा एक वर्षाच्या आत परत आमच्यासमोर उभा होता, तेही खरंय.

म्हणून १३-१४ वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या जेलमध्ये टाका म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी कधी जाणार नाही, पण सतराव्या वर्षी दोन दिवस राग धरून, कोयता आणून, गल्लीत वाट बघत थांबणाऱ्याची तपासणी चार प्रश्नांत वीस मिनिटांत उरकतात ना, ते मला सहन होत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की मंडळावर मानसशास्त्राचा जाणकार नसेल तर बाहेरून तज्ज्ञ घ्यायलाच हवा. कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातात मे २०२४ मध्ये दोन तरुण इंजिनीअर गेले आणि त्या १७ वर्षांच्या मुलाला आधी ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला, तेव्हा अख्खं पुणं पेटलं होतं आणि पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपात डॉक्टरांना अटक झाली ती वेगळीच. जुलै २०२५ मध्ये मंडळाने त्याला सज्ञान म्हणून चालवायची पोलिसांची मागणी फेटाळली. तुझी केस त्याच्यासारखी नाही, तो गाडीचा अपघात आणि हा सरळ खून आहे, पण लोकांना त्यातून एवढंच कळलं की मायनर असला की संपलं, आणि चौकीतला माणूस तुला तेच बोलला.

तर आता काय करायचं. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, सोमवारी तिथे जा, नाहीतर १५१०० ला फोन कर, बाईमाणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. वकिलाला पहिलं विचारायला सांग की प्राथमिक तपासणी झाली का, निकाल काय लागला. झाली असेल आणि 'मायनर म्हणूनच चालवा' असं ठरलं असेल तर अपील करायला ३० दिवस असतात, म्हणून उद्या-परवा करू नकोस, उशीर झाला असेल तरी विचार. दुसरं, आरोपपत्रात कलम कुठलं आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. खुनाचं, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं १०३, पाहिजे. ते उतरवून सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनापेक्षा खालचा गुन्हा, १०५, केलं तर ही सगळी वाटच बंद होते, कारण त्याला किमान सात वर्षांची शिक्षा नाही आणि असा गुन्हा 'अतिगंभीर' धरायचा नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ठरवलंय. हा एक आकडा तुमच्या घरात कुणाला माहीत नसणार, म्हणून इतकं लांबण लावून सांगतेय. नुकसानभरपाईचा अर्जही त्याच ऑफिसमध्ये होतो, बाबांना लाज वाटत असेल तर तू भर, ते दादाच्या जिवाचे पैसे नाहीत, घर चालायला हवं.

ते रील आहे ना, त्याचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढ आणि वकिलाकडे दे. या कायद्यात जामीन हा नियमच आहे, पण बाहेर येऊन तो गुन्हेगार टोळक्यात जात असेल तर जामीन नाकारता येतो, त्यामुळे ते रील मंडळापुढे जायलाच पाहिजे. फक्त तू स्वतः त्याचा फोटो-नाव टाकून पोस्ट करू नकोस गं. ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिने कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, म्हणजे तो मोकळा आणि तू आरोपी असं व्हायचं.

आता ती शेवटची ओळ. खरं सांगू, कायद्याचं मी इतकं सगळं लिहिलं पण पत्र वाचताना माझं सगळं लक्ष तिथेच होतं.

तुझा धाकटा आज त्याच वयाचा आहे. त्याच्याही हातात मोबाईल आहे, त्यालाही गल्लीत 'तुझ्या दादाला मारलं आणि तू गप्प?' म्हणणारे चार जण असणार, त्यातला एखादा कोयता पण आणून देईल, पाचशे रुपयांत मिळतो. 'हिशोब बाकी' हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या पोरांच्या स्टेटसवर वाचलंय, गुन्ह्याच्या आधीचं स्टेटस, नंतरचं नाही. त्याला ओरडू नकोस, मोबाईल काढून घेऊ नकोस, 'तू असलं काही केलंस तर आई मरेल' असं तर अजिबात म्हणू नकोस, त्याने आधीच एक मरण डोळ्यांसमोर घेतलंय. तो गप्प का आहे ते कुणी विचारलंय का? तुम्ही सगळे आईकडे बघताय, आई मोबाईलकडे बघतेय, आणि त्याच्याकडे कुणीच नाही. दादा त्याला काय हाक मारायचा, कॉलेजला कोण सोडायचं, तो पहिल्यांदा गाडी शिकला तेव्हा मागे कोण बसलं होतं, असलं काहीतरी विचार, रात्री गच्चीत, लाईट बंद करून. रडला तर रडू दे. चिडला तर त्याला सांग की ताईपण चिडलीये, आणि सोमवारी वकिलाकडे जाताना त्यालाच बरोबर घेऊन जा. फाईल त्याच्या हातात दे. तारखा त्याला वहीत लिहायला सांग. त्याच्या हाताला काम पाहिजे, आणि दादासाठी करण्यासारखं हे खरंखुरं काम आहे. कॉलेजमधले त्याचे एखादे सर किंवा सरकारी हॉस्पिटलमधले समुपदेशक यांच्याशीही बोल, तुझ्या एकटीच्या अंगावर हे घेऊ नकोस.

आईचं दादाचा मोबाईल चार्जिंगला लावणं थांबवू नकोस. ती थांबेल तेव्हा थांबेल.

मंडळाची तारीख कळली की मला लिही. आणि धाकट्याने स्टेटस बदललं, नाही बदललं, दोन्हीतलं जे होईल तेही लिही, मी वाट बघतेय.

तुझी,
मावशी