१६८ ची नोटीस आली म्हणजे आंदोलनावर बंदी आली असं नाही

भाऊ, तुमचं पूर्ण वाचलं. म्हणजे गावची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळून २३ दिवस झाले, चना अन् गहू ओलितावाचून वाळून राहिला, वीज कंपनीच्या ऑफिसात तीनदा जाऊन आले, सोमवारी हायवेवर चक्काजाम करायचं ठरलं तं काल बीट जमादार येऊन पाच जणांना नोटीस देऊन गेला, वरून ठाणेदार साहेबांचा निरोप की गुन्हे दाखल झाले तं पोरांच्या नोकऱ्या जातील. आणि तुम्ही स्वतः पोलीस भरतीची तयारी करून राहिले म्हणून घरचे घाबरले. मी वर्धा जिल्ह्यातला, वीसेक वर्षं शेतकऱ्यांच्या आंदोलनात आहे, एक केस सहा वर्षं लढली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिले नोटीस हातात घ्या आणि कलम पाहा. जमादार काय बोलला ते बाजूला ठेवा, कागदावर काय लिहिलं ते पाहा. तुम्ही लिहिलं १६८, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८, १ जुलै २०२४ च्या आधी हेच १४९ ची नोटीस म्हणून यायचं. यात पोलीस सांगतात की दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून आम्ही तुम्हाला ताकीद देतो, काही झालं तं तुम्हाला जबाबदार धरू. एवढंच. ही ताकीद आहे, यानं मोर्चा बंद होत नाही, धरणं बंद होत नाही. जमावबंदीचा आदेश वेगळा राहते, तो १६३ खाली (जुनं १४४) किंवा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली निघते, त्यावर अधिकाऱ्याची सही, तारीख, कधीपासून कधीपर्यंत, कोणता भाग हे सगळं लिहिलेलं असते. १६३ चा आदेश एका वेळी जास्तीत जास्त २ महिने चालते. आणि सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या निकालात साफ म्हटलं आहे की लोकांचं रास्त म्हणणं दाबून टाकण्यासाठी हे कलम वापरता येत नाही. तर ठाण्यात जाऊन अदबीनं विचारा, साहेब आमच्या तालुक्यात सध्या ३७ किंवा १६३ लागू आहे का, असंल तं आदेशाची प्रत द्या. लागू असंल तं तारीख पुढं ढकला, त्यात काही कमीपणा नाही. नसंल तं संविधानाच्या अनुच्छेद १९ नं शांततेनं, विनाशस्त्र जमायचा हक्क तुम्हाला दिलेलाच आहे, सरकार त्यावर वाजवी निर्बंध घालू शकते पण ते कायद्यानं, निरोपानं नाही.

मी एवढं कागद कागद काहून करून राहिलो तं गावात सरकारची ताकद अर्धी अशीच चालते, तोंडी. "साहेबानं सांगितलं", "वरून फोन आला", "नाव लिहून घेतलं आहे". बंदूक-काठी क्वचित निघते, पण या तोंडी बोलण्यानं आख्खं गाव घरात बसते. म्हणून प्रत्येक गोष्ट लेखी मागा, आणि आपलीही लेखी द्या.

तुम्ही तीनदा ऑफिसात गेले म्हणता, पण निवेदनाची पोच आहे का? तुमच्या लिहिण्यात कुठंच दिसली नाही म्हणून विचारतो. नसंल तं ते तीन चकरा कोणाच्याच लेखी झाल्या नाहीत. निवेदन दोन प्रतीत काढायचं, आवक-जावकच्या बाबूकडं द्यायचं, दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख, आवक नंबर आणि सही घेतल्याशिवाय टेबलापासून हलायचं नाही. "साहेब नाहीत, ठेवून जा" हे नेहमीचं आहे, आवक घ्याले साहेब लागत नाही. नाहीच घेतलं तं त्याच दिवशी स्पीड पोस्ट करा अन् पावती जपा. प्रत तहसीलदार, एसडीओ (उपविभागीय अधिकारी) आणि ठाण्याला. ठाण्याला जे द्याल त्यात तारीख, वेळ, जागा, अंदाजे किती लोक, लाऊडस्पीकर आहे की नाही हे लिहा, स्पीकर असंल तं त्याची परवानगी वेगळी घ्या, आणि खाली बंदोबस्ताची विनंती करा. हेच कागद पुढं कोर्टात तुमच्या बाजूनं बोलतात.

आमची गोष्ट सांगतो. २०११ च्या नोव्हेंबरात कापसाच्या भावासाठी आम्ही दोन तास रस्ता धरला होता. पऱ्हाटी फुटून पांढरी झाली होती, तरी लोक वेचणी सोडून आले. पोलिसांनी गाडीत बसवलं, ठाण्याच्या व्हरांड्यात बसवून ठेवलं, संध्याकाळी एकेकाले बोलावून सह्या घेऊन राहिले होते. आमच्यातले एक काका, शिक्षण चौथी, त्यांच्यापुढं रायटरनं (ठाण्यातला लिखापढी करणारा पोलीस) कागद ठेवला तं वर चार ओळी आणि खाली अर्धं पान कोरं. काकांनी पेन घेतला, कोऱ्या जागेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सावकाश एक तिरपी रेघ मारली, आणि मग त्या रेघेच्या खाली सही केली. रायटर पाहतच राहिला. काका म्हणाले, सावकारानं बापाची जमीन अशाच कोऱ्या जागेत लिहून घेतली होती. त्यांचं पाहून मागच्या सगळ्यांनी रेघ मारली. तुम्हीही आपल्या माणसांना हे शिकवून ठेवा, वाचता येत नसंल तं वाचून दाखवा म्हणायचं, कोऱ्या जागेवर सही नाही.

गुन्हा १९ जणांवर झाला. त्यातला एक त्या दिवशी बायकोला घेऊन नागपूरच्या दवाखान्यात होता, पण निवेदनावर सही होती म्हणून नाव आलं. सहा वर्षं पेश्या केल्या आम्ही. पेशी म्हणजे सकाळची एस्टी, दिवसाची मजुरी बुडाली, आणि पुष्कळदा नुसती पुढची तारीख. शिक्षा नाही झाली कोणाले, शेवटी सरकार पक्षानं केस मागं घेतली. राजकीय, सामाजिक आंदोलनातल्या केसेस मागं घ्याचा निर्णय सरकार अधूनमधून काढते, पण त्यात अट राहते की जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचं नुकसान ठरलेल्या मर्यादेच्या आत असावं, वरून कोर्टाची संमती लागते. आम्ही त्यात बसलो कारण त्या दिवशी एक दगड उचलला गेला नव्हता, एका एस्टीची काच गेली नव्हती. ती एक काच गेली असती तं आजही पेश्या करत असतो. दारू पिऊन कोणी आला तं त्याले गावातूनच परत पाठवा, हे हात जोडून सांगतो.

आता जागेबद्दल. माझं स्पष्ट मत, हायवे सोडा. राष्ट्रीय महामार्ग असंल तं १९५६ च्या महामार्ग कायद्यातलं कलम ८-ब लावू शकतात, रस्ता वाहतुकीले अडवला तं ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्जमाफीसाठी बच्चू कडूंच्या आंदोलनात नागपूरजवळ महामार्ग बंद पडला तं हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेऊन रस्ता मोकळा कराचा आदेश दिला. तिथं हजारो शेतकरी होते, सरकारला चर्चेले बोलवावं लागलं. तुमच्या ७० माणसांच्या गावाले तेवढं पाठबळ नाही, आणि ॲम्ब्युलन्स अडकली तं लोकांची सहानुभूती त्याच घडीले जाते. डीपी ज्या उपविभागातून मिळणार त्या ऑफिससमोर धरणं द्या, वाळलेल्या चन्याचे जुडे हातात घेऊन बसा, पोचवाली निवेदनं फलकावर डकवा.

बायका येतो म्हणतात तं अवश्य येऊ द्या, त्यांच्याशिवाय आपल्याकडं कोणतंच आंदोलन टिकलं नाही. पण एक गोष्ट मनावर घ्या. २३ नोव्हेंबर १९९४, नागपूरले हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा, ११४ माणसं चेंगरून मेली, बहुतेक बाया अन् लेकरं. पोलिसांची काठी पडली, लोक पळाले आणि पळायले जागाच नव्हती. सीताबर्डीचा उड्डाणपूल आज त्यांच्या नावानं आहे, मी त्यावरून जातो तेव्हा दरवेळी हेच मनात येते की त्यांनी फक्त निवेदन घ्याले मंत्री बाहेर या एवढंच म्हटलं होतं. जबाबदारी सरकारचीच होती, पण जीव आपल्या माणसांचे गेले. म्हणून बसायची जागा अशी पाहा की दोन बाजूनं निघता येईल, लेकरं अन् म्हातारे कडेले, पाणी सोबत, आणि पाच-सहा स्वयंसेवक ज्यांनी घोषणा द्याच्या नाहीत, फक्त लोकांकडं पाहायचं.

ताब्यात घेतलं तं काय होते. बहुतेक वेळा पोलीस कायद्याच्या ६८ नं ताब्यात घेतात आणि ६९ नं संध्याकाळी सोडतात. नवीन संहितेत १७२ कलमही तसंच आहे. १७० नं प्रतिबंधक अटक केली तरी पुढचा आदेश नसताना २४ तासांच्या वर ठेवता येत नाही. अटक असंल तं कारण सांगावं लागते, घरच्या एका माणसाले कळवावं लागते, वकिलाले भेटू द्यावं लागते. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तं महिला पोलीस अधिकारी अन् मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते, तेही अपवादानंच. वकिलाले पैसे नसले तं तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करा, बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतला माणूस यांना वकील फुकट मिळते. ढकलाढकली अजिबात नको, शिपायाच्या वर्दीले हात लागला तं भारतीय न्याय संहितेचं १३२ लागते, जुन्या दंडसंहितेतलं ३५३, आणि ते अजामीनपात्र आहे.

राहिला भरतीचा प्रश्न, मुद्दाम शेवटी ठेवला कारण तुम्हाला झोप त्यानंच लागत नसंल. गुन्हा दाखल झाला म्हणजे नोकरी गेली असं नाही. पोरं फसतात ते लपवल्यानं. साक्षांकन नमुन्यात (भरतीवेळी स्वतःची माहिती भरून द्याचा फॉर्म) विचारते की कधी गुन्हा दाखल झाला का, तिथं "नाही" लिहिलं आणि चारित्र्य पडताळणीत निघालं तं मग लपवलं म्हणून काढतात. अवतार सिंह खटल्यात २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं यावर निकाल दिला, त्यात किरकोळ गुन्ह्याचं उदाहरण देताना कोर्टानं तरुण वयात घोषणा देणं हेच उदाहरण घेतलं आहे, आणि असा किरकोळ गुन्हा लपवला असंल तरी नेमणाऱ्याले ते लपवणं दुर्लक्षित करता येते असं म्हटलं. "करता येते" हा शब्द लक्षात ठेवा, हमी नाही ती, अधिकार त्यांच्याच हातात राहते. म्हणून तुमची भरती खरंच दोन महिन्यांवर असंल तं तुम्ही निवेदनं लिहा, पोचा आणा, मोबाईलवर शूटिंग करा, पण निवेदनावर सही करणाऱ्यांत नाव टाकू नका. याले कोणी भित्रेपणा म्हणंल तं म्हणू द्या, आमच्या १९ मध्ये दोन पोरं होती, त्यांची सहा वर्षं मी जवळून पाहिली आहेत.

उद्या शनिवार, ऑफिसं बंद असतील. आज चार वाजेपर्यंत ठाण्यात आणि तहसीलीत निवेदन पोचलं नाही तं सोमवार धरू नका, बुधवार करा. नोटीसचा फोटो टाका इथं, नावं झाकून, फक्त कलम, तारीख आणि कोणाची सही ते दिसू द्या. माझ्याकडं रात्रीची लाईन आहे आठवडाभर, ओलित करता करता पाहतो.