गेल्या मोसमात तळाशी राहिलेल्या एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) संघाकडून चाहत्यांनी विजेतेपदाची आशा धरणं वेडेपणा आहे का?

नाही, अशी आशा धरायला भक्कम आधार आहे. कॉलिंगवूड 2021 मध्ये 18 संघांत 17वा होता आणि 2023 मध्ये त्याने ब्रिस्बेनला अवघ्या 4 गुणांनी हरवून विजेतेपद मिळवलं. रिचमंड तर 2016 ला 13वा होता. पुढच्याच वर्षी 1980 नंतरचं पहिलं विजेतेपद! ही उलथापालथ नियमांतूनच होते: ड्राफ्टमध्ये तळाच्या संघाला नवे खेळाडू निवडायची पहिली संधी मिळते आणि पगारावर मर्यादा असल्याने श्रीमंत क्लबला सगळे तारे गोळा करता येत नाहीत. मात्र मोसमापूर्वीच्या सराव सामन्यांच्या निकालांवर ही आशा बांधू नका. आणि नुसता ड्राफ्टही पुरत नाही. नॉर्थ मेलबर्न 2020 ते 2024 सलग पाच वर्षं शेवटच्या दोनांतच राहिला.