थुंकीचा रिपोर्ट आणि रक्ताचा रिपोर्ट

चि. लेकीस आशीर्वाद,

तू पाठवलेली जनुक-चाचणीची पीडीएफ पाहिली. ‘एंड्युरन्स’पुढे लाल पट्टी, खाली ‘एसीई डीडी’, म्हणजे ‘एसीई’ जनुकाच्या तुझ्या दोन्ही प्रती ‘डी’ प्रकारच्या. सोबत तुझा मेसेज : ‘सर, 5000 मीटर सोडू का?’ थुंकीच्या एका नळीवरून निकाल लावून मोकळी झालीस की गं!

त्या जनुकाची गोष्ट ऐक. 1998 मध्ये ब्रिटिश संशोधकांना, 7000 मीटरच्या वर सिलिंडरशिवाय चढणाऱ्या गिर्यारोहकांत त्याचा ‘आय’ प्रकार जास्त सापडला. केवढा गाजावाजा झाला. पुढे 2005 मध्ये केनियाचे धावपटू तपासले, तर तिथली साधी माणसं आणि ते यांच्यात या जनुकाचा फरकच दिसेना. तुझ्या पीडीएफमध्ये गिर्यारोहक आहेत. केनिया कुठेय?

एकट्या जनुकाने खरंच मोठा हात दिला तो फिनलंडच्या ईरो मेंटिरांटाला. 1964 च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमध्ये 15 किलोमीटरची स्की शर्यत त्याने 40 सेकंदांनी मारली. हिमोग्लोबिन इतकं जास्त की लोक संशय घ्यायचे. 1993 मध्ये उलगडा झाला : लाल पेशी बनवण्याचा निरोप घेणाऱ्या रिसेप्टरच्या (पेशीवरच्या ग्राहकाच्या) जनुकात बदल होता, ‘आता पुरे’ म्हणणारा भागच गळालेला. हिमोग्लोबिन 20 च्या वर! त्याच्या नात्यातल्या कितीतरी जणांत हाच बदल निघाला, पण ते सगळे काही ऑलिंपिकला गेले नाहीत.

आणि तुझं किती? दिवाळीत 10.4 होतं. त्यावर लोहाच्या गोळ्या महिनाभर खाल्ल्यास आणि सोडल्यास, मला माहीत आहे. शेवटच्या दोन फेऱ्यांत पाय शिशाचे होतात म्हणतेस, त्याचं कारण मी आधी इथे, रक्तात शोधेन. टेस्टच्या पैशात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही झालं असतं. जेवणावर लगेच चहा घेतेस तोही बंद कर, लोह अंगी लागत नाही.

जनुकं खोटी नाहीत हं. ‘हेरिटेज’ अभ्यासात कुटुंबंच्या कुटुंबं 20 आठवडे सारख्याच बेताने सायकलवर बसवली. काहींची ऑक्सिजन घेण्याची क्षमता जेमतेम हलली, काहींची लिटरभराहून वाढली, आणि हा फरक घराण्यागणिक दिसला. पण तो कळला 20 आठवड्यांनंतर, घाम गाळून.

तुझे अजून सहाच आठवडे झालेत. वहीत सकाळची नाडी लिहायची तीन दिवस राहिली आहे. रविवारी सहाला टेकडीखाली ये, येताना रक्ताचा रिपोर्ट आण.

तुझे सर