घरच्या वहीत बरोबरचं चिन्ह नको

"म्याडम, पगार पुरेना बघा." बेळगावात माझ्याकडे समुपदेशनाला येणारं जोडपं वडगाव, शहापूर, मच्छे, कुठलंही असो, चौथ्या वाक्याला हे येतंच. म्हणून एका घराची हकीकत ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

नवरा उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर, बायको शिवणकाम करणारी. वही नीटनेटकी. चिकन = 1200. पाचवा रविवार आला की ते 1500 व्हायचं आणि भांडण पेटायचं. चार बैठकी त्यातच गेल्या.

पाचव्या बैठकीत मी सहज विचारलं, "माहेरी कधी गेला होता?"

"चंदगडला? आठ महिने झाले. बजेटात बसत नाही."

"खानापूरला माझ्या बहिणीकडं जातीस की दर महिन्याला," नवरा म्हणाला.

"तिथं कर्नाटकाच्या बसला शक्ती योजनेचं बायकांना फुकट तिकीट आहे. चंदगड महाराष्ट्रात पडतंय."

त्यांची मुलगी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला. तिची आलेखाची वही मागवली. भाडं, फी, दूध, भिशी, हप्ता वजा जाता उरत होते 2400. चिकनचा एक रविवार 300, चंदगडची एक खेप खाऊसकट 400. मी लिहिलं: 300x + 400y ≤ 2400, म्हणजे x रविवार आणि y खेपा मिळून 2400 पेक्षा जास्त नको. मग ठिपके तिनंच दिले. पाच रविवार, एक खेप: 1900, बसतंय. चार रविवार, दोन खेपा: 2000. चार आणि तीन: 2400, नेमकं रेषेवर.

बायको बराच वेळ त्या ठिपक्यांकडे बघत राहिली. "म्हणजे पैसे होते."

"तू कधी मागितलंच नाहीस," तो हळूच म्हणाला.

"वहीत ओळच नव्हती."

मी मूळची गणिताची. म्हणून असेल, पण मला ठाम वाटतं की पैशाची बरीच भांडणं चिन्हाची असतात. 'बरोबर' लिहिलं की एकच आकडा खरा, बाकी प्रत्येक महिना कुणाचा तरी गुन्हा. 'पेक्षा जास्त नको' लिहिलं की बांध घातलेलं आख्खं शेत मिळतं. आत कुठंही उभं राहा.

तर एकूण खर्चाला ≤ लावा. औषधं, दूध, माहेर यांना ≥ लावा, कारण त्यांना खालची मर्यादा लागते. ती नसेल तर काटछाट त्यांच्यावरच येते, आणि बहुतेक घरांत ती बाईच्या वाट्यातून होते. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 खात्यात पडल्यावरच उजवीकडे, कमाईच्या आकड्यात मिळवा. सगळ्या खालच्या मर्यादा धरूनही बेरीज कमाईच्या वर जात असेल, तर बांधाच्या आत जागाच नाही. तिथं काटकसरीचे उपदेश कुणी कुणाला करू नयेत. हप्ता कमी करून मिळतो का आणि कमाई कशी वाढेल, एवढंच दोघांनी बसून बोलावं.

परवा ते दोघं वही दाखवायला आले होते. पहिल्याच पानावर मुलीच्या अक्षरात लिहिलंय: चंदगड ≥ 1.