शहरातून एक दिवस श्रमदानाला गेल्यानं गावाला खरंच उपयोग होतो, की नुसते फोटो? आणि जावं कुठे?

फोटो तर निघतातच. उपयोगही होतो, पण तुम्ही समजताय तो नाही.

आमचं गाव माण तालुक्यात. २०१८ मध्ये वॉटर कपची, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेची, धामधूम होती. १ मेच्या महाश्रमदानाला माझा पुण्याचा आतेभाऊ डोंगरावर आला, चार घमेली उचलली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "अरे, जेसीबी लावा, तासाभरात उरकेल." चर खणणाऱ्या बाया बघतच राहिल्या. चुलती म्हणाली, "लाव की. डिझेल तू घाल." तो गप्प बसला, पण हा वाद अजून घरच्या प्रत्येक लग्नात निघतो.

नाला खोलीकरण, शेततळं ही मशीनचीच कामं, हे मलाही मान्य आहे. स्पर्धेतसुद्धा मशीनकामाला गुण होते. पण आमच्या उतारावर मशीन चढत नाही, तिथं सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीतले लांब चर, हातानंच काढावे लागतात. आणि काम माथ्याकडून पायथ्याकडे यावं लागतं. शेजारच्या एका गावानं माथा सोडून थेट ओढा खोल करून घेतला, नारळ फुटला, भाषणं झाली. वरची माती अडवायला काहीच नव्हतं. दोन पावसाळ्यांत ओढा गाळानं भरला. आतेभावाला मुद्दाम नेऊन दाखवला, तर म्हणे "कंत्राटदार वाईट असेल."

चराला समपातळी लागते. हायड्रोमार्करनं (पाण्याची नळी लावलेलं पातळी बघायचं साधन) किंवा ए-फ्रेमनं (A अक्षरासारखी ओळंबा लावलेली चौकट) आखणी करून आधी पांढऱ्या फक्कीची रेघ मारतात. निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला टाकतात. पातळी चुकली की पाणी एका टोकाला गोळा होऊन भराव फोडतं. त्यामुळे जाल तिथं आखणी झालीय का, एवढं आधी विचारा.

एक घनमीटर चर एकदा भरला की हजार लिटर पाणी. नवखा माणूस सकाळभरात तेवढंही खणत नाही. पण पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्याकडचे एकमेकांचं तोंड न बघणारे दोन गट लाजेकाजेस्तव एका रांगेत उभे राहिले आणि घमेली एकमेकांच्या हातात देऊ लागले. जेसीबीनं हे झालं असतं का? सोबत मुलांना आणा, हायड्रोमार्कर त्यांच्या हातात द्या. पाणी कुठून कुठे वाहतं हे त्यांना पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

पाणी अडलं म्हणजे दुष्काळ हटला असं मात्र नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती पाणी आहे याचा हिशेब, मांडून पिकं ठरवली. आमच्याकडे विहिरींना पाणी आलं आणि लगेच बोअर पडायला लागले, काहींनी ऊसही लावला. त्यावर बोललो की आपलीच माणसं तुटतात.

कुठे जावं? वॉटर कप २०१९ नंतर झाला नाही. ओळखीतल्या कुणाच्या गावात काम चालू असेल तर तिथंच जा, एप्रिल-मेमध्ये, आणि सकाळी सहाला हजर राहा. बीपीचा त्रास असेल तर कुदळ धरू नका.